न कुजणाऱ्या नौकेचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आमच्या वाचकांस देवालयांच्या संबंधात चांगला परिचित आहे. उत्सवाच्या रथाचे कुजलेले चाक बदलले म्हणून रथ निराळा होत नाही. जुने काय राखावे आणि नवे काय घालावे, हा विवेक जाणत्या कारागिराच्या ठायी असतो. हाच विवेक एका अगदी अर्वाचीन वस्तूच्या, म्हणजे काचतंतूच्या यंत्रनौकेच्या बाबतीत कसा कसोटीस लागला, तो इतिहास आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत. काचतंतू म्हणजे ज्यास आज सर्वत्र फायबरग्लास म्हणतात, तोच पदार्थ होय.

आपल्या किनाऱ्यावर होडी म्हणजे लाकूड, हे समीकरण शतकानुशतके चालत आले. पावसाळ्यापूर्वी होडी वर ओढावी, तिला तेल चोळावे, सांधे पुन्हा भरावेत, हा क्रम कोणी चुकवीत नसे. लाकूड नाशवंत आहे हे सर्वांस ठाऊक होते, म्हणूनच त्याची सेवा घडत होती. ही सेवा अनावश्यक ठरवू पाहणारा पदार्थ अमेरिकेतील ओहायो राज्यात निपजला. १९३२ साली डेल क्लाइस्ट हा तरुण संशोधक काचेच्या विटा जोडण्याचा प्रयोग करीत असता, हवेच्या झोतात सापडलेल्या वितळलेल्या काचेचे बारीक तंतू झाले. गेम्स स्लेटर ह्यांच्या देखरेखीखाली ह्या योगायोगास उद्योगाचे रूप आले, आणि १९३८ साली ओवेन्स-कॉर्निंग कंपनी स्थापन झाली. हे तंतू पॉलिएस्टर नावाच्या कृत्रिम राळेत भिजवून साच्यात थरावर थर दिले, की हलके, कठीण आणि बिनसांध्याचे कवच तयार होते. टोलेडो येथील रे ग्रीन ह्यांनी १९४२ साली ह्या रीतीने शिडाची एक लहान होडी घडविली. ह्या जातीच्या नौकांत तिची गणना पहिल्यांत होते.

महायुद्धानंतर हा धंदा झपाट्याने वाढला. त्यातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण बोस्टन व्हेलर ह्या नौकेचे होय. हार्वर्ड विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकलेले रिचर्ड फिशर आणि नौकारचनाकार रे हंट ह्यांनी सिद्ध केलेली ही तेरा फुटी यंत्रनौका १९५८ साली विक्रीस आली. तिची दोन कवचे निरनिराळ्या साच्यांत घडवीत आणि त्यांच्यामधील पोकळीत पॉलियुरेथेनचा फेस भरीत. फेस फुगून दोहोंस घट्ट धरी. १९६१ साली 'लाइफ' साप्ताहिकाने जी चित्रे छापली, त्यांत नौका करवतीने मधोमध कापली जात आहे आणि फिशर महाशय तिच्यात बसूनच आहेत. पुढे ते इंजिनासह मागचा अर्धा भाग हाकीत निघून जातात! ही नौका बुडत नाही, हे त्यांनी जगास प्रत्यक्ष दाखविले.

परंतु न बुडणे निराळे आणि न झिजणे निराळे. काच कुजत नाही हे खरे; पण ह्या नौकांच्या पोटात लाकूड दडलेले असते. ज्या उभ्या पिछाडीस इंजिन टांगतात, तिच्या गाभ्यात प्लायवूड असते, आणि व्हेलरच्या फेसात स्क्रू धरण्यासाठी लाकडाचे ठोकळे बसविलेले असतात. एखादा स्क्रू सैल होतो, त्याच्या भोकातून पाणी झिरपते, आणि बाहेरचे कवच लखलखीत असताना आतले लाकूड काळे पडत जाते. लाकडी होडी आपले दुखणे सांध्यांतून बोलून दाखवी. ही नौका ते झाकून ठेवते.

म्हणून जुनी नौका हाती घेणारा जाणता कारागीर रंगाकडे शेवटी वळतो. प्रथम तो लहान हातोडीने पिछाडी ठोकून पाहतो. टणक आवाज आला तर गाभा शाबूत. बोदा आवाज आला तर शंका घ्यावी. मग बारीक भोक पाडून तो भुसा तपासतो. भुसा ओला व काळपट निघाला, की निदान झाले. नंतर एका बाजूचे कवच कापून कुजका गाभा खरवडून काढावा लागतो, उरलेला भाग पूर्ण वाळू द्यावा लागतो, आणि नवे प्लायवूड इपॉक्सी राळेने मुरवून बसवावे लागते. जुन्या कवचाची कड एकदम न तोडता लांब उतार देऊन घासतात, म्हणजे नव्या थरांस धरायला पुरेशी जागा मिळते. ह्या घासण्याची धूळ फुप्फुसांस घातक असल्याने तोंडावर योग्य मुखवटा बांधल्यावाचून हे काम करू नये. घाईने दिलेला रंग ओल आत कोंडतो, आणि थोड्याच काळात सर्व श्रम पाण्यात जातात.

इतका खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर ह्या पदार्थाच्या स्वभावातच आहे. मोडकी लाकडी होडी चुलीत जाते किंवा मातीस मिळते. काचतंतूची टाकून दिलेली नौका खाडीकाठी तशीच पडून राहते. तिची राळ पुन्हा वितळवून नवी वस्तू ओतता येत नाही. जुन्या नौका मोडण्यासाठी फ्रान्सला २०१९ साली स्वतंत्र व्यवस्था उभारावी लागली. ज्या वस्तूस स्वाभाविक अंत नाही, तिचा सांभाळ करणे हे तिच्या धन्याचे कर्तव्यच ठरते.

आपणासही हा विषय परका नाही. गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर ह्यांच्या कारखान्यात बांधलेली 'म्हादेई' ही शिडाची नौका २००९ साली नौदलात दाखल झाली. तिचा गाभा लाकडाचा आणि कवच काचतंतूचे. तीत बसून दिलीप दोंदे ह्यांनी २०१० साली एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. जुने लाकूड आणि नवी काच ह्यांचा संसार सुखाचा होऊ शकतो, ह्याचा हा पुरावा होय. मात्र दोहोंमध्ये पाणी शिरणार नाही, इतकी जागरूकता हवी.

पूर्वीचा खारवी दर पावसाळ्याआधी होडीस हात लावी, तो ती कुजते हे जाणून. आजच्या नौकेच्या धन्याने ती कुजत नाही ह्या भरवशावर तो हात आखडता घेऊ नये, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.