इलेक्ट्रिक गिटार : तरंगत्या ट्रेमोलोचा तोल

इलेक्ट्रिक गिटारच्या घोडीला (ब्रिज) जोडलेला दांडा दाबला की सूर उतरतो आणि वर ओढला की चढतो. या यंत्रणेस ‘ट्रेमोलो’ म्हणतात. वास्तविक ट्रेमोलो म्हणजे आवाजाच्या तीव्रतेतील कंप; स्वराच्या उंचीतील कंपास व्हायब्रॅटो म्हणतात. परंतु लिओ फेंडर यांनी १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टर गिटारवरील यंत्रणेला ट्रेमोलो हे नाव दिले आणि तेच रूढ झाले. पुढे फ्लॉइड रोझ यांनी तारा दोन्ही टोकांना आवळून धरणारी रचना केली. तिचे अमेरिकी पेटंट १९७९ मध्ये मिळाले.

तरंगती घोडी लाकडावर टेकलेली नसते. ती दोन खुंटांवर तराजूच्या दांडीप्रमाणे तोललेली असते. एका बाजूने सहा तारा तिला ओढतात, तर दुसऱ्या बाजूने गिटारच्या पाठीमागील पोकळीतील स्प्रिंगा. नेहमीच्या स्वरमेळात ९-४२ जाडीच्या तारांचा एकत्रित ताण सुमारे ३८ किलो, तर १०-४६ तारांचा सुमारे ४७ किलो असतो. म्हणूनच तारांची जाडी बदलली की तोल नव्याने साधावा लागतो. एक तार चढविली की घोडी पुढे झुकून उरलेल्या तारा उतरतात; उलट, वादनात एखादी तार तुटली की स्प्रिंगांचा जोर वरचढ होऊन बाकीच्या साऱ्या बेसूर चढतात.

तोल साधण्याची रीत अशी : प्रथम मानेकडील तारांची कुलपे सैल करावीत आणि घोडीवरील सूक्ष्म स्वरयोजनेचे स्क्रू मध्यावर आणावेत. स्प्रिंगांची पट्टी दोन स्क्रूंनी लाकडात बसविलेली असते. ते स्क्रू किंचित सैल करून घोडी पुढे झुकू द्यावी. नंतर मागच्या पोकळीत, धातूचा ठोकळा व शेपटाकडील भिंत यांच्यामध्ये लाकडाची पाचर अशी बसवावी, की घोडी गिटारच्या पृष्ठभागाशी समांतर राहील. आता खुंट्या पिळून सर्व तारा सुरात लावाव्यात, नव्या तारा हलकेच ताणून पुन्हा लावाव्यात. त्यानंतर पट्टीचे दोन्ही स्क्रू सारखेच, पाव-पाव फेऱ्याने आवळत जावे. ज्या क्षणी पाचर आपोआप सैल पडते, त्या क्षणी दोन्ही ताण समान झाले असे समजावे.

पाचर काढल्यावर सूर पुन्हा तपासावा. घोडीचा मागचा भाग वर उचललेला असेल, तर स्प्रिंगा थोड्या आवळाव्यात. आत बुडालेला असेल, तर सैल कराव्यात. प्रत्येक बदलानंतर तारा नव्याने लावणे अपरिहार्य आहे. सर्व जुळल्यावरच कुलपे आवळावीत. राहिलेला सूक्ष्म फरक घोडीवरील स्क्रूंनी, तानपुऱ्याचा मणी सरकवावा त्याप्रमाणे, दूर करता येतो.

एक पथ्य मात्र अवश्य पाळावे. तारांचा ताण पूर्ण असताना खुंट फिरवून घोडीची उंची बदलू नये. त्यामुळे ज्या धारेवर घोडी झुलते ती धार झिजते, आणि झिजलेल्या धारेवर घोडी दांडा सोडल्यानंतर मूळ जागी परतत नाही. तसे झाल्यास कितीही स्क्रू फिरविले तरी गिटार सुरात राहत नाही.