जुनी लष्करी खुकरी : ओळख आणि जतन

वाडवडिलांच्या पेटीतून वा जुन्या बाजारातून गंजलेली खुकरी हाती आली, की पहिला मोह होतो तो ती घासूनपुसून लख्ख करण्याचा. नेमका याच वेळी तिचा इतिहास कायमचा पुसला जाण्याचा धोका असतो. पात्याच्या पाठीवरचा अर्धवट ठसा, वापराने गुळगुळीत झालेली मूठ आणि पोलादावर चढलेला काळपट थर ही त्या शस्त्राची कागदपत्रेच होत. ती एकदा घासली गेली, की कोणत्याही कारागिराला परत आणता येत नाहीत. म्हणून आधी ओळख आणि मग साफसफाई, हा क्रम कधीही उलटू नये.

पार्श्वभूमी

खुकरी हे मूळचे नेपाळी घराघरांतले अवजार. लाकूड तोडण्यापासून मांस कापण्यापर्यंत सर्व कामांना ते उपयोगी पडते. १८१४ ते १८१६ या काळातील इंग्रज-नेपाळ युद्धात इंग्रजांना तिची धार अनुभवावी लागली. १८१५ पासून ईस्ट इंडिया कंपनीने गुरखा पलटणी उभारल्या आणि खुकरी त्यांच्याबरोबर सैन्यात आली. १९४७ मध्ये ब्रिटिश भारतीय सैन्यातील दहा गुरखा रेजिमेंटांपैकी सहा भारताच्या आणि चार ब्रिटनच्या वाट्याला गेल्या. खुकरी दोन्हींकडे कायम राहिली. ५ मार्च १९४५ रोजी ब्रह्मदेशातील तामांडूजवळ शत्रूचे मोर्चे एकट्याने निकामी करणाऱ्या भानभक्त गुरुंग यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या चढाईत त्यांनी खुकरीही वापरली होती.

रचनेवरून ओळख

खुकरीचे पाते पुढे झुकलेले असते आणि त्याचे वजन टोकाकडच्या फुगीर भागात एकवटलेले असते. मुठीजवळ धारेच्या बाजूला एक खाच असते. तिला नेपाळीत ‘चो’ किंवा ‘कौडी’ म्हणतात. या खाचेचे अर्थ अनेक सांगितले जातात. कोणी तिला गाईचे खूर मानतो, कोणी शिवाचे चिन्ह, तर कोणी रक्त मुठीवर येऊ नये यासाठीची सोय. म्यानात दोन लहान पाती असतात. त्यांपैकी ‘कर्दा’ किरकोळ कापणीसाठी, तर बोथट ‘चकमक’ धार सरळ करण्यासाठी व ठिणगी पाडण्यासाठी असते. ही दोन्ही मूळची असतील, तर संचाचे मोल वाढते.

वय ठरवताना मुठीची जोडणी फार उपयोगी पडते. जुन्या गावठी घडणीत पात्याचे अरुंद शेपूट मुठीत लाख व राळेच्या मिश्रणाने पक्के केलेले असते. नेपाळीत या मिश्रणाला ‘लाहा’ म्हणतात. काही मुठींत शेपूट आरपार जाऊन मागच्या टोपीवर ठोकून बसवलेले असते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पात्याचेच पोलाद मुठीच्या पूर्ण रुंदीचे ठेवून दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या रिव्हेटने बसवण्याची पद्धतही रूढ झाली होती. यांपैकी कोणतीही एक खूण एकटी पुरेशी नसते. घडण, ठसे आणि झीज या तिन्हींचा मेळ बसला पाहिजे.

ठसे वाचताना

सरकारी पुरवठ्याच्या खुकऱ्यांवर ‘मार्क’ आणि रोमन आकडा, कारखान्याची आद्याक्षरे व सालाचे शेवटचे दोन अंक आढळतात. १९१७-१८ आणि १९४३-४४ च्या आसपासची साले वारंवार दिसतात. ‘मार्क ३’ चे ठसे दुसऱ्या महायुद्धातले असतात. बाणाच्या टोकासारखी खूण ही सरकारी मालमत्तेची निशाणी. ठसा पुसट असेल तर घासू नये. अंधाऱ्या खोलीत टॉर्च एका बाजूने तिरपा धरला, की उथळ अक्षरेही सावलीमुळे उठून दिसतात. त्या अवस्थेत घेतलेले छायाचित्र हा उत्तम पुरावा ठरतो.

नेपाळच्या स्वतःच्या सैन्याच्या खुकऱ्यांची गोष्ट वेगळी. काठमांडूच्या जुन्या शस्त्रागारातील मोठा साठा २००३ मध्ये अमेरिकी व्यापाऱ्यांनी विकत घेतला आणि त्यातील खुकऱ्या जगभरच्या संग्राहकांकडे पोहोचल्या. त्यांपैकी अनेकींच्या पाठीवर देवनागरी अक्षरे कोरलेली आहेत. पाश्चात्त्य संग्राहक अडतात तिथे मराठी वाचक ती सहज वाचू शकतो. साल मात्र विक्रम संवतातले असू शकते. त्यातून ५७ वजा केले, की साधारण इसवी सन मिळतो. वर्षाच्या अखेरच्या काही महिन्यांपुरते ५६ वजा करावे लागतात.

पितळी सिंहमुखाची मूठ, पात्यावरचे रंगीत नक्षीकाम किंवा ‘इंडिया’ असा ठसा दिसला, तर ती बहुधा पर्यटकांसाठी बनवलेली भेटवस्तू समजावी. उलट, ठसा नाही म्हणून खुकरी लष्करी नाही, असेही म्हणता येत नाही. अनेक जवानांनी गावच्या ‘कामी’ लोहारांकडून घडवलेल्या खुकऱ्या वापरल्या. म्यानाबाहेर काढलेली खुकरी रक्त लागल्याखेरीज आत जात नाही, ही समजूत मात्र निव्वळ दंतकथा आहे.

गंज कसा काढावा

खुकरी म्यानातून काढताना हात म्यानाच्या पाठीकडच्या बाजूला ठेवावा. बोटे धारेच्या बाजूला कधीही गुंडाळू नयेत. जुनी शिवण उसवलेली असते आणि पाते आतून चामडे कापून बोटांपर्यंत पोहोचू शकते.

त्यानंतर गंजाचा प्रकार पाहावा. तांबूस, भुरभुरणारा गंज पोलाद खात राहतो, म्हणून तो काढायला हवा. गडद करडा वा काळपट, घट्ट थर हे वयाचे लक्षण आहे आणि तो पोलादाचे काही अंशी रक्षणही करतो. तो तसाच राहू द्यावा. शिवणयंत्राचे तेल पात्यावर लावून एक दिवस मुरू द्यावे व मऊ कापडाने पुसावे. उरलेला गंज सर्वांत बारीक प्रतीच्या स्टील वूलने, तेल लावून, पात्याच्या लांबीच्या दिशेने हलकेच काढावा. चिवट खपली तांब्याच्या तुकड्याने खरवडावी. तांबे पोलादापेक्षा मऊ असल्याने ओरखडा पडत नाही.

चिंच, लिंबू, व्हिनेगर यांसारखे आंबट पदार्थ टाळावेत. आम्ल गंजाबरोबर जुना थरही उतरवते आणि पाते निर्जीव करडे दिसू लागते. यंत्रावरील घासणी तर सर्वाधिक घातक. परंपरेने खुकरीच्या धारेलाच पाणी दिलेले असते आणि पाठ मऊ ठेवलेली असते. म्हणूनच घाव घालताना पाते मोडत नाही. यंत्राच्या उष्णतेने धार निळसर झाली, की तिचे पाणी उतरलेच. शिवाय पात्याची मूळ आकृतीही बदलते.

मूठ आणि म्यान

मूठ सैल झाली म्हणून लगेच आधुनिक रासायनिक गोंद ओतू नये. तो पुढे काढता येत नाही. लाख किंवा सरस यांसारखे परत सोडवता येणारे साधन बरे. लाख उष्णतेने मऊ होते आणि स्पिरिटमध्ये विरघळते. त्यामुळे मूठ गरम पाण्यात बुडवू नये व स्पिरिटने पुसूही नये. कोरड्या पडलेल्या लाकडाला जवसाच्या तेलाचे एक-दोन थेंब चोळून जादा तेल पुसून टाकावे. शिंगाच्या मुठीला कीड लागली आहे का, हे छिद्रांवरून तपासावे.

चामडे भिजवू नये. मऊ कुंचल्याने धूळ झाडावी, एवढे पुरे. साफ केलेले पाते पुन्हा म्यानात ठेवू नये, कारण चामड्यातील आम्ले व ओलावा पोलादाला गंजवतात. दोन्ही वस्तू शेजारी, पण वेगळ्या ठेवाव्यात. पात्यावर संग्रहालयांत वापरतात तसा मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ थर द्यावा. मुंबई-कोकणच्या दमट, खाऱ्या हवेत पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून दर महिन्याला पाहणी करणे आवश्यक ठरते.

कायद्याची बाजू

भारतातील शस्त्रनियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या धारदार शस्त्रांच्या वर्गात खुकरीचा नावानिशी उल्लेख आहे. सरकारने अधिसूचित केलेल्या भागांत अशा शस्त्रांना परवाना लागतो. म्हणून खरेदीपूर्वी स्थानिक पोलिसांकडे चौकशी करणे शहाणपणाचे. शंभर वर्षांहून जुनी खुकरी १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते आणि अशी वस्तू खासगी व्यक्तीला परदेशी नेता येत नाही.

जतनाचे उद्दिष्ट खुकरीला नवी करणे हे नव्हे. गंजाची वाढ थांबावी आणि तिच्यावरचा प्रत्येक ठसा, प्रत्येक झीज पुढच्या अभ्यासकाला वाचता यावी, एवढेच ते आहे. दुरुस्ती करावी की नाही अशी शंका आली, तर हात आखडता घेणेच इष्ट. राहिलेले काम उद्या करता येते, घासून गेलेले पोलाद मात्र परत येत नाही.