वसंतागमन : पंचांगातील आणि रानातील

वसंत ऋतू केव्हा येतो, या प्रश्नास महाराष्ट्रात पूर्वापार दोन उत्तरे आहेत; एक पंचांगाचे व दुसरे रानाचे. ही दोन्ही नेहमी जुळतातच असे नाही.

पंचांगाप्रमाणे चैत्र व वैशाख हे वसंताचे महिने होत. त्याची चाहूल मात्र माघ शुद्ध पंचमीसच घ्यावयाची, फाल्गुन वद्य प्रतिपदेस आंब्याचा मोहोर प्राशन करावयाचा आणि पाडव्यास कडुनिंबाची पाने खावयाची, असा आपला परिपाठ. परंतु चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने, अधिक मास धरूनही, सण मागेपुढे सरकतात. २०२४ साली वसंतपंचमी १४ फेब्रुवारीस आली, तर २०२६ साली २३ जानेवारीस. तीन आठवड्यांचा हा फरक झाडांस कसा ठाऊक असणार?

म्हणून शेतकरी रानाकडे पाही. काटेसावरीवर लाल फुले आली, पळस केशरी झाला, विदर्भात मोह टपकू लागला, कोकिळ बोलू लागला, म्हणजे ऋतू पालटला असे तो समजे. होळी पेटली की थंडी पळाली, ही म्हण तर घरोघरी आहे.

सौर गणनेतही एक सूक्ष्म भेद आहे. आपली पंचांगे नक्षत्रांवर बसविलेली असल्याने ऋतुचक्रापासून ती सुमारे ७० वर्षांत १ दिवस दूर जातात. उत्तरायण २२ डिसेंबरच्या सुमारास सुरू होते, पण मकरसंक्रांत आपण १४ किंवा १५ जानेवारीस करतो. सोळा-सतरा शतकांपूर्वी हे दोन्ही दिवस एकच होते. रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित हे व्यवसायाने शिक्षक. त्यांनी १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथात या प्रश्नाचा ऊहापोह करून ऋतूंशी जुळणाऱ्या सायन गणनेचा पुरस्कार केला. पुढे मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिचा वर्षारंभ वसंतसंपाताशी जोडलेला आहे. शासकीय कागदावर ती आली, सणवार मात्र जुन्याच गणनेने चालू राहिले.

सणांच्या तिथी बदलाव्यात असे आमचे म्हणणे नाही. पिढ्यानपिढ्यांची श्रद्धा त्यांत गुंतलेली आहे. परंतु पंचांग छापील असल्याने टिकेल. रानातील खुणा वृद्धांच्या स्मरणातच आहेत, आणि आपली कुटुंबे तर गावे सोडून शहरोशहरी विखुरली. आपल्या गावी पळस कोणत्या तारखेस फुलला, आंब्यास मोहोर केव्हा आला, कोकिळ प्रथम केव्हा ऐकला, एवढे एका वहीत दरवर्षी लिहावे. एका वर्षाच्या नोंदीवरून काहीच ठरत नाही. वीस-पंचवीस वर्षांच्या नोंदींवरून ऋतू सरकतो आहे की काय, हे कळेल. ज्ञातिबांधवांनी व भगिनींनी घरातील वडीलधाऱ्यांस विचारून हे काम याच वर्षी आरंभावे, अशी आमची नम्र विनंती आहे.