डोक्यावरचा थर्माकोल

गेल्या दिवाळीत मी चामोर्शी तालुक्यातल्या मावशीच्या गावी गेलो, तेव्हा माझं जुनं सायकल हेल्मेट चुलीजवळच्या खुंटीवर लटकलेलं दिसलं. निळं, वर पांढरी पट्टी. दोन वर्षांपूर्वी मीच ते मावसबहिणीला दिलं होतं. ती आता नववीत आहे. शाळा चार किलोमीटरवर. सायकल तिला मानव विकास कार्यक्रमातून मिळालेली. शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या मुलींना राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत सरकार सायकल देतं, ती. सायकलीसोबत घंटी येते, कॅरिअर येतं, कुलूप येतं. हेल्मेट येत नाही.

म्हणून मी दिलं होतं. दिल्यावर स्वतःवर खूशही झालो होतो.

गोची अशी की ते हेल्मेट मी देण्याच्या आधी एकदा आपटलेलं होतं. चंद्रपूरहून जुनोन्याच्या रस्त्यावर सकाळी सायकल चालवताना वळणावरच्या चुरीवरून माझं पुढचं चाक घसरलं आणि डोक्याची उजवी बाजू डांबराच्या कडेवर आदळली. मी उठलो, कपडे झटकले, हेल्मेट काढून बघितलं. एक ओरखडा. बस. 'मजबूत आहे,' असं म्हणून मी ते पुढे वर्षभर वापरलं. पुण्यात नवीन घेतलं तेव्हा जुनं मावशीकडे पाठवून दिलं.

या वर्षी खुंटीवर ते बघितलं आणि पहिल्यांदा प्रश्न पडला: हे अजून काम करतं का? मी सॉफ्टवेअरवाला. उत्तर शोधायला बसलो की मागे मागे जायची सवय. त्या नादात मी जवळजवळ ९० वर्षं मागे गेलो.

दोन पोरं, एक मोटारसायकल

१३ मे १९३५. इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यात एक माणूस मोटारसायकलवरून घरी चालला होता. रस्त्यात खोलगट भाग होता, त्यामुळे पुढचं दिसत नव्हतं. अचानक समोर सायकलवरची दोन मुलं आली. त्यांना वाचवायला त्याने गाडी वळवली आणि तो फेकला गेला. डोक्यावर काही नव्हतं. सहा दिवसांनी तो गेला. तो होता टी. ई. लॉरेन्स, म्हणजे 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'.

त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. ही केस त्यांच्या मनातून गेली नाही. मग महायुद्ध सुरू झालं. रात्री दिवे बंद, रस्ते अंधारे, आणि निरोप घेऊन धावणारे लष्करी मोटारसायकलस्वार मरू लागले. केर्न्स यांनी आकडे जमवले आणि १९४१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लेख लिहिला. त्यांना हेल्मेट घातलेले फक्त सात अपघातग्रस्त सापडले होते. सातही जण वाचले होते. सात हा काही मोठा आकडा नाही, पण त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने आपल्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. पुढे १९४६ मध्ये केर्न्स यांनी पुन्हा मृत्यूंचे आकडे मांडले. ते उतरले होते.

मला यातला एक योगायोग सोडवत नाही. रस्त्यावरच्या हेल्मेटच्या इतिहासात इतक्या सुरुवातीला दोन सायकलवाली पोरं आहेत, आणि त्यांच्या स्वतःच्या डोक्याचा विचार व्हायला मात्र आणखी ४० वर्षं लागली.

चामड्याच्या पट्ट्या ते थर्माकोल

त्या काळातले शर्यतीचे सायकलपटू डोक्यावर चामड्याच्या गादीदार पट्ट्यांची जाळी बांधायचे. इंग्रजीत तिला 'हेअरनेट' म्हणत. खरचटण्यापासून ती वाचवायची. धक्का मात्र सरळ आत जायचा.

फरक कुठे पडला ते सांगतो. १९५३ मध्ये अमेरिकेत प्रा. चार्ल्स लोम्बार्ड यांना एका हेल्मेटचं पेटंट मिळालं. त्यांची कल्पना अशी की बाहेर कडक कवच हवंच, पण खरं काम आतल्या चुरडणाऱ्या थराने करायचं. १९५६ मध्ये पीट स्नेल नावाचा मोटारशर्यतीतला चालक अपघातात मेला. त्याच्या हेल्मेटने त्याला वाचवलं नाही. त्याच्या नावाने मित्रांनी संस्था काढली आणि हेल्मेट तपासण्याची मानकं तयार होऊ लागली. शेवटी १९७५ मध्ये बेल कंपनीचं 'बेल बायकर' आलं. खास सायकलसाठी बनवलेलं, आत पॉलिस्टायरिनचा फेस असलेलं. ज्याला आपण थर्माकोल म्हणतो, साधारण तेच. गणपतीच्या मखरात वापरायचो तोच पदार्थ, फक्त जास्त घट्ट दाबलेला.

आता गणित. बारावीचं फिजिक्स पुरतं. दोन मीटर उंचीवरून डोकं खाली आलं तर जमिनीला टेकताना वेग ताशी साडेबावीस किलोमीटरच्या आसपास असतो. डोकं थांबायला किती अंतर मिळतं, यावर सगळं ठरतं. उघडं डोकं डांबरावर दोन मिलिमीटरमध्ये थांबलं असं धरा. दोन मीटर भागिले दोन मिलिमीटर, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या हजार पट धक्का. फेस चुरडला गेला आणि डोक्याला थांबायला २० मिलिमीटर मिळाले, तर तोच धक्का १०० पट. भागाकारातला खालचा आकडा दहापट वाढला, बस एवढंच. अमेरिकेत सायकल हेल्मेट असंच दोन मीटरवरून सपाट लोखंडावर टाकून तपासतात आणि आतल्या नकली डोक्याला ३०० पटीच्या वर धक्का बसला तर ते नापास होतं. युरोपात ही मर्यादा २५० आहे, पण तिथे उंची थोडी कमी असते.

हे वाचताना मी थांबलो. चुरडलेला फेस पुन्हा फुलत नाही. म्हणजे जुनोन्याच्या रस्त्यावर ते २० मिलिमीटर मी वापरून टाकले होते. मावशीच्या पोरीला मी दिलं होतं ते नुसतं निळं कवच.

बाबांचं पिवळं हेल्मेट

माझी चूक कुठून आली तेही मला कळलं. आमच्या घरात हेल्मेट होतंच. बाबा कोळसा खाणीत होते. दारामागे त्यांचं पिवळं हेल्मेट असायचं. वर्षानुवर्षं तेच. टोले पडलेलं, रंग उडालेलं. चंद्रपुरात खाणीवरच्या कुठल्याही घरात हे दृश्य ओळखीचं आहे. त्यामुळे हेल्मेट म्हणजे टणक वस्तू, जितके टोले खाल्ले तितकी भरवशाची, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

पण खाणीतलं हेल्मेट वेगळं काम करतं. आत पट्ट्यांचा झोळा असतो, डोकं आणि कवच यांच्यात जागा असते. वरून दगड पडला तर झोळा ताणतो आणि भार वाटून देतो. त्यालाही आयुष्य असतं, मोठा दणका बसला की तेही बदलायचं असतं, पण छोटे टोले ते झेलतं. सायकल हेल्मेटचा धर्म निराळा. ते एकदाच मरतं, आणि मेल्याचं बाहेरून दिसेलच असं नाही.

शर्यतवाले, पुणेकर आणि आपण

हेल्मेटला विरोध करण्यात आपण एकटे नाही. १९९१ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघाने व्यावसायिक शर्यतींत हेल्मेट सक्तीचं केलं, तर पॅरिस-नीस शर्यतीत सायकलपटूंनीच बंड केलं. उकडतं, आमचं डोकं आमचं आहे, वगैरे. नियम मागे घ्यावा लागला. १९९५ च्या टूर दी फ्रान्समध्ये फाबिओ कासार्तेल्ली उतारावर पडून गेला, तरी नियम बदलला नाही. मार्च २००३ मध्ये त्याच पॅरिस-नीसमध्ये आंद्रेई किविलेव्ह पडला आणि दुसऱ्या दिवशी गेला. त्यानंतर मात्र मे महिन्यात सक्ती आली, आणि टिकली.

सर्वसामान्य सायकलस्वारांना सक्ती करणारं पहिलं राज्य ऑस्ट्रेलियातलं व्हिक्टोरिया, जुलै १९९०. तिथला वाद अजून संपलेला नाही, कारण सक्तीमुळे काही लोकांनी सायकलच सोडली. उलट नेदरलँड्समध्ये जवळजवळ कुणी हेल्मेट घालत नाही, पण तिथे सायकलला वेगळा रस्ता आहे.

आपल्याकडे मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम १२९ मोटारसायकलस्वाराला हेल्मेट घालायला लावतं. त्यावरून पुण्यात २०१९ मध्ये मोर्चे निघाले, विरोधी कृती समिती झाली. साध्या सायकलला हे कलम लागू नाही. एकेकाळी सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागायचा, रात्री दिवा नसला की दंड, डबलसीट दिसली की दंड. डोक्याबद्दल कुणी विचारत नव्हतं.

आणि आपला जिल्हा सायकलसाठी काही अनोळखी नाही. वरोऱ्याच्या आनंदवनातून बाबा आमट्यांनी 'भारत जोडो'ची हाक दिली आणि डिसेंबर १९८५ मध्ये शंभरावर तरुण-तरुणी कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाल्या, त्या सायकलवर. पाच हजारांवर किलोमीटर. तेव्हा 'बेल बायकर' येऊन दहाच वर्षं झाली होती आणि आपल्या सायकलच्या दुकानात हेल्मेट नावाची वस्तूच नव्हती. २०१७ मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी अमेरिका आडवी पार करणारी 'रॅम' शर्यत एकट्याने पूर्ण केली, तेव्हा हेल्मेटशिवाय त्यांना चाक हलवता आलं नसतं. या दोन सालांच्या मधे आपल्याकडे हेल्मेट पोचलं. पण पोचलं ते हौशी लोकांपर्यंत, महागड्या सायकलसोबत. रोज पोटासाठी आणि शाळेसाठी पायडल मारणाऱ्यांपर्यंत नाही.

इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं. चामोर्शी-आष्टीच्या बाजूला सुरजागडचं लोहखनिज नेणारे ट्रक धावतात. ट्रक अंगावर आला तर कुठलंही हेल्मेट पुरत नाही. तिथे रस्ता रुंद हवा, कडेला जागा हवी. हेल्मेट उपयोगी पडतं ते खड्डा, चुरी, कुत्रं, रानडुक्कर, तोल जाणं अशा रोजच्या पडण्यात. पण पोरं रोज पडतात तीही अशीच.

चोपन्न सेंटिमीटर

दुसऱ्या दिवशी मी मावशीला सगळं सांगितलं आणि सुरी मागितली. "चांगलं हेल्मेट होतं, तुले काहून कापाले लागते?" मावशी म्हणाली. मी उजव्या बाजूचा आतला कपडा काढला आणि फेस कापला. आत केसासारखी बारीक भेग होती, बोटभर लांब. आणि तिच्याभोवती फेस दबून कडक झाला होता. मावशीने त्यावर अंगठा फिरवला. काही बोलली नाही. मला मात्र त्या क्षणी तिच्याकडे बघवलं नाही. दोन वर्षं पोरगी हे घालून ट्रकच्या रस्त्याने जात होती, आणि मी पुण्यात निवांत होतो.

मग मावशीच्या शिलाई मशीनची टेप घेतली. भुवईच्या जरा वर, कानांवरून, मागच्या उंचवट्यावरून एक वेढा: ५४ सेंटिमीटर. त्या मापाचं, मानकाचा शिक्का असलेलं नवीन हेल्मेट चंद्रपुरातून आणलं. बसवताना जे केलं ते तुम्हीही करा. हेल्मेट सपाट हवं, भुवईच्या वर दोन बोटं. ती मागे कलतं घालायची, म्हणजे कपाळ उघडं. मागची चकती फिरवून घट्ट करायची, मग पट्टा न लावता मान हलवायची. हेल्मेट डोक्यासोबत फिरलं पाहिजे. दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांचा इंग्रजी व्ही कानाच्या खाली जुळायला हवा. हनुवटीखाली एक बोट मावेल इतकाच सैलपणा. मोठी जांभई दिली की हेल्मेट खाली ओढलं जायला हवं. वेणी मानेपाशी खाली. आत टोपी नाही, जाड स्कार्फ नाही.

"दादा, हे घातलं का पोट्टे हासतेत," ती म्हणाली.

"हासू दे," मी म्हणालो. पण मला माहीत आहे, 'हासू दे' म्हणणं पुण्यात राहणाऱ्याला सोपं असतं.

जपायचं कसं तेही ठरवलं. चुलीजवळची खुंटी बंद. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४७-४८ पर्यंत जातो, म्हणून पत्र्याखाली किंवा उन्हात उभ्या गाडीतही ठेवायचं नाही. उष्णतेने फेस खराब होतो. धुवायचं साध्या साबणाने आणि पाण्याने, वाळवायचं सावलीत. पेट्रोल, थिनर, रंग लावायचा नाही. ते थर्माकोल खातात. आपटलं की, दिसो न दिसो, बदलायचं. नाही आपटलं तरी साधारण पाच वर्षांनी नवीन.

निघताना तिने विचारलं, "आपटलं तर सांगू का तुले?"

लगेच सांग, म्हणालो. रागावणार नाही, नवीन पाठवीन. कारण आमच्या घरात वस्तू फुटली की पोरं लपवतात, आणि मीही तेच केलं होतं. फक्त मला माहीत नव्हतं की मी काय लपवतोय.

कापलेलं निळं हेल्मेट मी पुण्याला घेऊन आलो. ऑफिसच्या टेबलावर ठेवलंय, भेगेची बाजू वर. कुणी सायकल घेतली की दाखवतो.