खोडदच्या तीस तबकड्या आणि त्यांचा चोपदार

दिंडी लांबलचक असली, म्हणजे पुढच्या मृदंगाचा नाद मागच्या टाळकऱ्यास किंचित् उशिरांच पोंचतो. अशा वेळीं सर्वांना एका क्षणावर आणावयास मध्यस्थ लागतो. चोपदारानें दंड उंचावला, कीं सारी दिंडी स्तब्ध होते. जुन्नर तालुक्यांत नारायणगांवाजवळ खोडद येथें जी रेडिओ-दुर्बीण आहे, तिचा इतिहास म्हणजे अशाच मध्यस्थाचा इतिहास होय.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे डॉ. गोविंद स्वरूप हे या दुर्बिणीचे जनक. जुन्नर-आंबेगांवकडील हा प्रदेश डोंगरांच्या आडोशामुळें शहरी रेडिओ-गोंगाटापासून बराच अलिप्त. म्हणून निवड येथें झाली. प्रत्येकीं ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभारण्यांत आल्या. त्यांपैकीं १४ मध्यभागीं आहेत, तर १६ तीन दिशांना दूरवर पसरल्या असून कमाल अंतर सुमारें २५ किलोमीटर आहे. ४ ऑक्टोबर २००१ रोजीं ही दुर्बीण राष्ट्रास अर्पण झाली.

पंचवीस किलोमीटर ओलांडावयास रेडिओ-लहरीस सेकंदाच्या दशलक्षांश भागांपैकीं सुमारें ८३ भाग लागतात. म्हणून आकाशांतील एकच लहर निरनिराळ्या तबकड्यांस निरनिराळ्या क्षणीं भेटते. हा फरक न सांभाळतां बेरीज केली, तर हातीं केवळ गोंगाट येईल. यासाठीं काचतंतूंतून मध्यवर्ती इमारतींत आलेला प्रत्येक संदेश योग्य तितका थोपवून मगच इतरांशीं जुळविला जातो. १९ ऑक्टोबर २०१६ रोजीं मंगळावर उतरूं पाहणाऱ्या 'शियापरेली' या युरोपीय यानाचा अतिक्षीण स्वर याच दुर्बिणीनें ऐकला, आणि नियोजित वेळेच्या थोडें आधीं तो थांबल्याचेंही तिनेंच जाणलें. तें यान मंगळावर आदळलें होतें.

परंतु वेळ जुळली, तरी आज्ञाही जुळाव्या लागतात. प्रत्येक तबकडीचीं मोटारी व संग्राहक यंत्रें निराळीं. प्रत्येक संगणकानें दुसऱ्या प्रत्येकाशीं परस्पर बोलूं म्हटलें, तर संभाषणाचा गुंता होईल. म्हणून नूतनीकरणाच्या काळांत 'टँगो' नामक मध्यस्थ प्रणालीचा आधार घेण्यांत आला. फ्रान्समधील ग्रनोबल येथें जन्मलेल्या या प्रणालींत प्रत्येक यंत्राचा एक प्रतिनिधि असतो. आज्ञा त्याच्याकडे जाते व यंत्राची हकिगतही त्याच्याचकडून कळते. एखादें यंत्र बदललें, तर बाकीच्यांची भाषा बदलावी लागत नाहीं.

पुढें दक्षिण आफ्रिका व ऑस्ट्रेलिया येथें 'स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे' ही महादुर्बीण योजिली गेली. तिच्या नियंत्रण-व्यवस्थेच्या आंतरराष्ट्रीय आराखड्याचें नेतृत्व पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राकडे आलें, आणि तेथेंही मध्यस्थ म्हणून 'टँगो'चीच निवड झाली.