बाप्तिस्म्याआधीची शिकवणी

ल्यूथरपंथी मंडळीकडे प्रौढांना बाप्तिस्म्यासाठी तयार करण्याची वेगळी पद्धत सुरुवातीला नव्हती, कारण तिची गरजच नव्हती. सोळाव्या शतकातल्या सॅक्सनीत जवळजवळ प्रत्येक मुलाचा बाप्तिस्मा तान्हेपणीच उरकला जाई. उणीव होती ती पुढच्या शिक्षणाची. 1528च्या सुमारास गावोगावच्या मंडळ्यांची पाहणी झाली, तेव्हा साध्या शेतकऱ्यांनाच काय, काही पाळकांनाही प्रभूची प्रार्थना धड येत नसल्याचे मार्टिन ल्यूथरला आढळले. त्यावर उपाय म्हणून 1529 साली त्याने ‘लघु प्रश्नोत्तरावली’ लिहिली. दहा आज्ञा, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा, पापकबुली आणि प्रभुभोजन हे तिचे विषय. बापाने घरातली मुले आणि नोकरचाकर यांच्याकडून ती पाठ करून घ्यावी, अशी अपेक्षा होती.

दृढीकरणाला ल्यूथर संस्कार मानत नसे. पण तान्हेपणी दुसऱ्यांनी दिलेले वचन जाणत्या वयात स्वतः उच्चारावे, हा विचार मार्टिन बुत्सरने उचलला आणि 1539 साली हेसमध्ये दृढीकरणाचा विधी नियमात बसवला. डेन्मार्क-नॉर्वेने 1736 साली तो सक्तीचा केला. पुढल्याच वर्षी डॅनिश धर्मशास्त्रज्ञ पोंटोपिडानने ल्यूथरच्या प्रश्नोत्तरावलीचे विवरण छापले, त्यात 759 प्रश्न होते.

या साऱ्या व्यवस्थेत शिकणारा आधीच बाप्तिस्मा घेतलेला असे. ज्याने ख्रिस्ताचे नावही ऐकलेले नाही अशा मोठ्या माणसाला काय शिकवायचे आणि किती दिवस, हा प्रश्न ल्यूथरपंथीयांपुढे ठळकपणे उभा राहिला तो तमिळ किनाऱ्यावर. तरंगंबाडी 1620पासून डेन्मार्कच्या ताब्यात होती आणि भोवतीच्या तंजावर राज्यावर मराठ्यांची सत्ता होती. डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याने पाठवलेले झीगेनबाल्ग आणि प्ल्यूत्शाउ हे दोन जर्मन तरुण 1706च्या जुलैत तिथे उतरले. जवळची सोपी भाषा पोर्तुगीज आणि दूरची पण खरी भाषा तमिळ. दोघांनी या दोन्ही भाषांचा अभ्यास सुरू केला. सुरुवातीलाच हाती घेतलेल्या भाषांतरांत ल्यूथरची लघु प्रश्नोत्तरावली होती. मुलांसाठी आणि घरादारासाठी लिहिलेले हे पुस्तक इथे प्रौढांचे प्रवेशद्वार बनले.

1707च्या मे महिन्यात पहिल्या पाच जणांचा बाप्तिस्मा झाला. हे पाचही जण डॅनिश घरांतले गुलाम होते. पुढे तमिळ लोक येऊ लागले. शिकवणी मुख्यतः तोंडी चाले. वाचता येणारे थोडेच, त्यामुळे शिक्षकाने म्हणायचे आणि ऐकणाऱ्यांनी घोकायचे. तयारीला काही आठवडे लागत, कधी काही महिने. हातावर पोट असणाऱ्याला तेवढे दिवस रोजगार बुडवणे परवडत नसे, म्हणून शिकण्याच्या काळात मिशन त्याला जेवू घाली. टीकाकारांना बोट ठेवायला हे आयतेच निमित्त मिळाले, आणि ती टीका अगदी निराधार म्हणता येणार नाही. विधीतही फरक होता. बाळाच्या वतीने धर्मपालक उत्तरे देतात, पण इथे सैतानाचा त्याग आणि विश्वासाची कबुली ज्याची त्यालाच मंडळीसमोर द्यावी लागे. नुसते पाठांतर जर्मनीतल्या हाले येथील भक्तिपंथी परंपरेत वाढलेल्या या मिशनऱ्यांना पुरेसे वाटत नसे. ते मनःपरिवर्तन शोधत. मात्र ते मोजायचे कसे, याचे उत्तर त्यांच्याकडे नव्हते. जातही पाण्याने धुतली गेली नाही. चर्चमध्ये शूद्र आणि परैयर वेगवेगळे बसत, आणि मिशनने ते बराच काळ चालू दिले.

या तयारीचा खरा भार वाहिला तो स्थानिक उपदेशकांनी. आरुमुगम या तरुणाला 1718 साली बाप्तिस्म्याच्या वेळी आरोन हे नाव मिळाले. उपदेशक म्हणून बरीच वर्षे काढल्यावर 28 डिसेंबर 1733 रोजी त्याला पाळकपदाची दीक्षा मिळाली. हिंदुस्थानातला हा पहिला प्रॉटेस्टंट पाळक. राजनायकन हा तर तंजावरच्या मराठा राजाच्या फौजेतला शिपाई आणि मूळचा कॅथलिक. छापील तमिळ सुवार्ता वाचून तो मिशनकडे वळला. ल्यूथरपंथी कॅथलिक बाप्तिस्मा ग्राह्य धरतात, म्हणून त्याला पुन्हा पाणी घ्यावे लागले नाही, फक्त नवे शिक्षण घ्यावे लागले. 1728पासून तो तंजावर मुलखात उपदेशक म्हणून फिरू लागला. गोऱ्या मिशनऱ्याला या मुलखात मोकळेपणी वावरता येत नसे, पण राजनायकनला येई. पुढे मिशनरी श्वार्ट्झ तंजावर दरबारी वजन राखून होता आणि तंजावरचे मराठा राजे सरफोजी दुसरे त्याच्या देखरेखीखाली शिकले. सरफोजींनी त्याच्याविषयीचा आदर जन्मभर जपला आणि त्याचे संगमरवरी स्मारकही उभारले, पण बाप्तिस्मा घेतला नाही.

छोटानागपुरात चित्र वेगळे दिसते. बर्लिनच्या गोसनरने पाठवलेले चौघे मिशनरी 1845च्या नोव्हेंबरात रांचीला पोहोचले. पहिल्या चार उराँव पुरुषांचा बाप्तिस्मा 9 जून 1850 रोजी झाला, म्हणजे साडेचार वर्षांहून अधिक काळाने. त्यानंतर मात्र उराँव आणि मुंडा गावेच्या गावे येऊ लागली. जमीनदारांच्या वेठबिगारीविरुद्ध मिशन आधार देईल ही आशा त्यामागे होती, आणि ती मिशनलाही ठाऊक होती. एकेकट्या माणसासाठी जुळवलेली शिकवणी आता गावाला पुरवायची होती. ती गावचे प्रचारक पुरवत.

पहिल्या महायुद्धात, 1915 साली, जर्मन मिशनऱ्यांना देश सोडावा लागला. काही काळ अँग्लिकन बिशपांनी देखरेख केली. 1919च्या जुलैत छोटानागपुरातल्या मंडळीने स्वतःला स्वायत्त जाहीर केले, आणि बाप्तिस्म्याला कोण तयार आहे हे ठरवण्याचा अधिकारही तिच्याच पाळकांकडे आला.