पदवीचा खर्च कोणाच्या खाती?

अभियांत्रिकी शिक्षणावरच्या सरकारी खर्चाच्या विषयाकडे पहिल्यांदाच वळणाऱ्या वाचकाने अर्थशास्त्राच्या ग्रंथांपासून सुरुवात करू नये. एखादा शासन निर्णय घ्यावा आणि त्यातला खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकला आहे ते आधी पाहावे. 2202 म्हणजे सामान्य शिक्षण, 2203 म्हणजे तंत्रशिक्षण. अभियांत्रिकी शिकणाऱ्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती मात्र सामाजिक न्याय विभागाकडून, 2225 खाली येते. तेव्हा नुसते 2203 बघून ‘सरकार अभियंत्यांवर एवढे खर्च करते’ असे कोणी सांगितले, तर हिशेब अर्धाच झाला समजावे.

सरकारने हा खर्च का करावा, हा प्रश्न 1854 साली फारसा अवघड नव्हता. पुण्यात त्या वर्षी अभियांत्रिकीचा वर्ग निघाला, तो सार्वजनिक बांधकामांसाठी हाताखालचे अधिकारी हवे होते म्हणून. माणसे सरकारला हवीत, तर शिकवणार सरकारच. (खासगी संस्थांना अनुदान देण्याची शिफारस करणारा वुडचा खलिताही त्याच सालचा.)

खरी कलाटणी 1983 ची. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. आपली मुले तोवर देणगी भरून कर्नाटकात जात होती. कारखान्यांना अभियंते मिळू लागले. बिल पालकांच्या हाती पडले. मग फी कोणी ठरवायची यावर कोर्टकचेऱ्या झाल्या: उन्नीकृष्णन 1993, टी. एम. ए. पै 2002. त्यांच्या तपशिलात सुरुवातीलाच अडकू नये, असे माझे मत आहे.

त्याहून मोलाची गोष्ट पुढची. सरकारी पैसा याच महाविद्यालयांत परत आला, पण विद्यार्थ्याच्या मागोमाग, फीच्या प्रतिपूर्तीच्या रूपाने. 2024-25 पासून पात्र मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी पूर्ण माफ झाली. निर्णय चांगलाच आहे. मात्र पैसा असा फिरू लागला की शाखा विद्यार्थी निवडतो, तीही कॅम्पस मुलाखतींकडे डोळा ठेवून. राज्याला पूल बांधणारे हवेत की कोड लिहिणारे, हे पैसे देणारा ठरवत नाही. मनुष्यबळाच्या गरजेची चर्चा इथे अडते, आणि नव्या अभ्यासकाला काम आहे तेही इथेच.

पहिला स्वाध्याय म्हणून जवळच्या एखाद्या महाविद्यालयात जाऊन पाहावे: प्राध्यापकांची मंजूर पदे किती, भरलेली किती, तासिका तत्त्वावर किती. उद्योगांना हवा तसा अभियंता घडवू, असे सांगणाऱ्या भाषणांत हे तीन आकडे सहसा सापडत नाहीत.